प्रथमोपचार : किती वेळ, किती जोर, नेमकं कुठे?

शमी

जखमेवर दाबून धरा, भाजलं तर पाणी ओता, हृदय थांबलं तर छाती दाबा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. अडतं त्याच्या पुढे. किती मिनिटं दाबायचं? पाणी किती वेळ? छाती किती खोल? ऐन वेळी हात थबकतात ते या आकड्यांपाशी. म्हणून या धाग्यावर मिनिटं, सेंटीमीटर, नेमकी जागा आणि चुकतं ते का चुकतं, एवढंच लिहूया. कोणतीही गंभीर शंका असेल तर आधी रुग्णवाहिकेला फोन, फोन स्पीकरवर, आणि मग हात कामाला लावायचे, हे सगळीकडे गृहीत धरते.

सुरुवात रक्तस्रावापासून.

हातमोजे असतील तर घाला, नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा. जखमेत काही रुतलेलं नाही हे बघा. गॉझ किंवा धुतलेलं सुती कापड जखमेवर ठेवून तळव्याने दाबा, कोपर ताठ ठेवून अंगाचा भार त्यावर येऊ द्या. नुसत्या बोटांचा जोर दोन मिनिटांत संपतो. आता घड्याळ बघा आणि पूर्ण १० मिनिटं हात हलवू नका. ‘थांबलं का’ म्हणून मध्ये उचलून बघणं ही सर्वांत मोठी चूक. त्या वेळात गुठळीची जाळी विणली जात असते. कापड उचललं की ती कापडाबरोबर सोलून निघते आणि १० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

रक्त कापडातून वर आलं तर त्यावर दुसरं कापड ठेवा. तेही भिजलं तर तिसरं, चौथं रचत बसू नका. ढीग जितका जाड तितका दाब पसरतो आणि रक्तवाहिनीपर्यंत पोचतच नाही. दोन्ही कापडं काढा, रक्त नेमकं कुठून येतंय ते बघा आणि ताजं गॉझ बरोबर त्या जागी ठेवून दाबा.

काच, सळई, सुरा असं काही रुतलेलं असेल तर उपसू नका. तेच आतल्या वाहिनीला बूच बनून बसलेलं असू शकतं. दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून ते हलणार नाही असं बांधा.

पाणकोळी

शमी, छान सुरुवात. एक भर. जांघ, काख, खांद्याजवळची खोल जखम वरून दाबून थांबत नाही, कारण वाहिनी खोलवर असते आणि तिथे आवळपट्टीही (टूर्निकेट, म्हणजे हातापायाभोवती घट्ट आवळून रक्त थांबवायची पट्टी) बसत नाही. अशा जखमेत गॉझची लांब पट्टी बोटाने आत भरत जायची. रक्त जिथून येतंय त्या तळापासून सुरुवात, जखम तोंडापर्यंत ठासून भरेपर्यंत, आणि मग वरून दोन्ही हातांनी दाब. रोलर पट्टी असेल तर एका जखमेत अख्खी जाऊ शकते. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र असं काही भरायचं नाही. तिथे आत पोकळी आहे, गॉझ भरत राहाल आणि दाब कशावरच येणार नाही.

कवडसा

टूर्निकेटबद्दल उलटसुलट वाचायला मिळतं. कुणी म्हणतं बांधूच नका, हात कापावा लागतो. कुणी म्हणतं लगेच बांधा. खरं काय?

पाणकोळी

कवडसा, दोन्ही टोकं चूक. हातापायातून रक्त उसळत असेल, जमिनीवर थारोळं साचत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर बांधायलाच हवं. अशा जखमेने माणूस काही मिनिटांत जातो. पायाचं नुकसान व्हायला मात्र तास लागतात. साधारण २ तासांपर्यंत पट्टी राहिली तरी अवयव बहुधा वाचतो.

जागा : जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटर, कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर नाही. कपड्यांच्या खिशात चावी, फोन असेल तर आधी काढा. पट्टी रुंद हवी, निदान ४ सेंटीमीटर. वायर, दोरी, बुटाची नाडी चालत नाही, ती कातडीत रुतते पण खोलवरची धमनी बंद होत नाही. कापडाची पट्टी असेल तर एक गाठ मारा, गाठीवर मजबूत काठी ठेवून दुसरी गाठ मारा आणि काठी पिळत जा. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. मग काठीचं टोक बांधून टाका. पेन्सिल किंवा पातळ पेन इथे हमखास मोडतं.

आता जे नेहमी चुकतं ते. पट्टी अर्धवट आवळली तर वरवरच्या शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते. म्हणजे रक्त आत येतंय आणि परतीची वाट बंद. रक्तस्राव उलट वाढतो. लोक हे बघून पट्टी सोडतात, तर करायला हवं ते उलट : अजून पिळा. एकीने थांबत नसेल तर तिच्या वर, धडाच्या बाजूला, दुसरी बांधा. माणूस वेदनेने ओरडेल. पट्टी योग्य बसली की ती दुखतेच, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर ठळक लिहा. आणि ‘जरा रक्त जाऊ दे’ म्हणून दर १५ मिनिटांनी सैल करण्याचा जुना सल्ला विसरा. ती फक्त रुग्णालयात सोडायची.

अबोली

नाकातून रक्त येण्याचंही इथेच उरकते. मान मागे टाकायची नाही. रक्त घशातून पोटात जातं आणि थोड्या वेळाने उलटी होते. बसून पुढे झुकायचं, तोंडाने श्वास. नाकाच्या हाडाखालचा जो मऊ भाग आहे तो दोन बोटांत चिमटीत धरायचा, सलग १० ते १५ मिनिटं. बहुतेक जण वरचं हाड दाबून बसतात, तिथे दाबून काहीच होत नाही, कारण रक्त बहुतेक वेळा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं. अर्ध्या तासानेही थांबलं नाही, डोक्याला मार लागून आलं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तर दवाखाना.

ध्रुवतारा

भाजण्याबद्दल मी लिहिते. या विषयात चुकीचे सल्ले फार आहेत आणि त्यांची किंमत कातडीला मोजावी लागते.

वाहतं थंड पाणी, २० मिनिटं. दोन मिनिटं नाही, ‘आग कमी होईपर्यंत’ही नाही. पदार्थ, वाफ किंवा आग दूर झाली तरी कातडीच्या खालच्या थरांत उष्णता साठलेली असते आणि भाजणं आतल्या आत खोल जात राहतं. पाणी ती उष्णता काढून नेतं. नळाखाली धरणं हे वाटीत बुडवण्यापेक्षा बरं, कारण बुडवलेलं पाणी कातडीजवळ कोमट होऊन बसतं. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका : भाजल्यानंतर ३ तासांपर्यंत गार करण्याचा उपयोग होतो.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगडी, घड्याळ, पट्टा काढा. अर्ध्या तासात सूज आली की अंगठी कापावी लागते. कपडे काढा, पण कातडीला चिकटलेला तुकडा ओढू नका, त्याच्या कडेने कापड कापा.

बर्फ नको. बर्फाने वरच्या रक्तवाहिन्या आकसतात, आधीच जखमी झालेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी तुटतो आणि जखम खोल जाते. टूथपेस्ट, तेल, लोणी, शाई, मलम, काही नको. ते उष्णता आत कोंडतं आणि नंतर डॉक्टरांना जखम बघण्यासाठी खरवडून काढावं लागतं.

लहान मूल किंवा मोठा भाग भाजला असेल तर भाग गार करा पण माणूस उबदार ठेवा. उरलेल्या अंगावर चादर. मुलाचं अंग गार पडून कापरं भरलं तर पाणी थांबवा.

गार करून झालं की स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म. सुरुवातीचे दोन वेढे फेकून द्या आणि मग लांबीच्या दिशेने पट्टीसारखी ठेवा. हाताभोवती गुंडाळायची नाही, सूज आली की ती फास बनते. फोड फोडू नका, त्याखाली निर्जंतुक कातडी असते.

दवाखान्यात केव्हा? भाजलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा (बोटांसकट) मोठा असेल. चेहरा, हात, पाय, गुप्तांग किंवा सांध्यावर असेल. कातडी पांढरी, करडी किंवा काळपट होऊन दुखेनाशी झाली असेल. विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल. ‘दुखत नाही म्हणजे वरवरचं’ असं समजू नका. खोल भाजलं की मज्जातंतूच जळतात, म्हणून दुखत नाही.

कवडसा

रसायन अंगावर सांडलं तरी २० मिनिटंच का?

ध्रुवतारा

निदान २०, डोळ्यात गेलं असेल तर त्याहून जास्त, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत धूत राहिलात तरी चालेल. कोरडी पूड असेल (चुन्यासारखी) तर आधी ब्रशने किंवा कापडाने झटकून टाका, मग भरपूर पाणी. थोडंसंच पाणी टाकलं तर ती भिजून उलट तापते. आम्लावर अल्कली ओतून ते मारण्याचा प्रयोग करू नका, त्या अभिक्रियेतूनच उष्णता निघते. डोळा धुताना तो डोळा खाली आणि डोकं त्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पापण्या बोटांनी उघडून धराव्या लागतात, आपोआप त्या मिटलेल्याच राहतात.

विजेच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद. त्याआधी हात लावला तर दोन रुग्ण होतात. बाहेरून दोनच छोटे डाग दिसले तरी प्रवाह आतून स्नायू आणि हृदयातून गेलेला असतो, म्हणून तपासणी प्रत्येकाची.

औदुंबर

छाती दाबण्याबद्दल. १९६० मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता, बाहेरून हृदय दाबून रक्त फिरवता येतं हे प्रसिद्ध केलं. तेव्हापासून ही गोष्ट कुणाही माणसाच्या हातात आली आहे. म्हणून ती नीट करावी एवढीच कळकळ.

माणूस पडलाय. खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही. श्वास बघायला १० सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. फसगत इथेच होते. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस आचके देऊ शकतो : तोंड उघडतं, घोरल्यासारखा आवाज, मग बराच वेळ काही नाही, पुन्हा एक आचका. भोवतालचे म्हणतात ‘श्वास चालू आहे’ आणि हात मागे घेतात. तो श्वास नव्हे. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. दाबायला घ्या. हृदय चालू असताना चुकून दाबलं तर फारसं नुकसान होत नाही. बंद असताना दाबलं नाही तर माणूस जातो.

जमीन कडक हवी. पलंगावर गादी दबते, छाती नाही. जागा : छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, पण अगदी खालचं टोक सोडून. एका तळव्याचा मनगटाकडचा भाग तिथे टेकवा, दुसरा हात वर, बोटं एकमेकांत गुंफून उचललेली, म्हणजे बरगड्यांवर भार येत नाही. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडांतून लावला तर मिनिटभरात दमाल, कंबरेतून झुकून अंगाचा भार टाका.

खोली ५ ते ६ सेंटीमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे १० सेकंदांत १७ ते २० वेळा. घाबरलेला माणूस १४० च्या वेगाने आणि ३ सेंटीमीटर खोल दाबतो. मोठ्याने आकडे मोजलेत तर वेग हातात राहतो.

दाबण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त भरतं. दमलं की माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. हात टेकलेले राहू द्या, भार नको. आणि थांबू नका. रक्ताचा दाब अनेक दाबांमागून हळूहळू चढतो आणि थांबलात की क्षणात उतरतो. दर २ मिनिटांनी माणूस बदला, दमला नसला तरी. खोली कमी झालेली आपली आपल्याला कळायच्या आधीच कमी झालेली असते.

बरगडी ‘कट’ करून मोडल्याचा आवाज येऊ शकतो. हातांची जागा तपासा आणि चालू ठेवा.

एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारं) मिळालं तर आधी चालू करा, पुढचं ते बोलून सांगतं. छाती कोरडी करा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली कुशीवर. दुसरं पॅड बहुतेक जण फार पुढे लावतात. मग झटका हृदयातून आरपार जात नाही. यंत्र तपासत असताना आणि झटका देताना कुणीही शिवायचं नाही. झटक्यानंतर नाडी शोधत बसू नका, लगेच पुन्हा दाबायला सुरुवात.

मृद्गंध

तोंडाने श्वास द्यायचा की नाही? हल्ली ‘नुसती छाती दाबा’ असं सांगतात ना?

औदुंबर

मोठा माणूस डोळ्यांदेखत अचानक कोसळला आणि तुम्ही शिकलेले नसाल, तर नुसतं दाबणं पुरे. त्याच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. शिकलेले असाल तर ३० दाब, २ श्वास. एक श्वास १ सेकंदाचा, छाती जेमतेम वर येईल एवढाच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी घशात येते.

मूल आणि बुडालेला माणूस यांचं वेगळं. तिथे हृदय बहुधा प्राणवायू संपल्यामुळे थांबलेलं असतं, म्हणून श्वास हवेतच. बुडालेल्याला आधी श्वास द्या, मग दाब. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका, पोटातलं बाहेर येऊन फुप्फुसात जातं.

मुलांमध्ये खोली छातीच्या एक तृतीयांश : १ वर्षावरच्या मुलात सुमारे ५ सेंटीमीटर, तान्ह्या बाळात सुमारे ४. बाळाच्या छातीला दोन्ही हातांनी विळखा घालून दोन अंगठ्यांनी दाबा.

अबोली

श्वास नीट चालू आहे पण शुद्ध नाही, अशा माणसाला पाठीवर उताणा ठेवू नका. जीभ मागे पडते, उलटी आत जाते. कुशीवर वळवा, वरचा गुडघा काटकोनात पुढे, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे झुकलेलं. गरोदर बाई असेल तर डावी कूस. आणि मग निघून जायचं नाही, दर मिनिटाला श्वास बघत राहायचं.

आकडीतही हेच, पण आकडी थांबल्यावर. चालू असताना तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र मोडतात. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही सरकवा, आजूबाजूचं फर्निचर हटवा आणि घड्याळ लावा. ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर रुग्णवाहिका.

मृद्गंध

घास अडकला तर? पाठीत थापट्या मारू नयेत म्हणतात.

पाणकोळी

मृद्गंध, आधी बघा तो खोकतोय का. जोरात खोकता, बोलता येत असेल तर मध्ये पडू नका, खोकल्याइतका जोर तुमच्या हातात नाही. आवाज बंद, हात गळ्याशी, ओठ निळसर, तेव्हा हलायचं.

एका बाजूला उभे राहा, एक हात त्याच्या छातीला टेकवून त्याला कंबरेतून पुढे वाकवा. वाकवणं विसरलं तर थापट्यांनी घास आणखी खाली जातो, पाठीवर मारू नये हा समज बहुधा त्यावरूनच आला असावा. तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने दोन खवाट्यांच्या मध्ये ५ सणसणीत थापट्या. निघाला नाही तर मागून विळखा : मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या टोकाखाली, दुसऱ्या हाताने ती पकडून आत आणि वर असा ५ वेळा हिसका. पुन्हा ५ थापट्या, पुन्हा ५ हिसके. गरोदर किंवा खूप स्थूल माणसाला हिसका पोटावर नाही, छातीच्या हाडावर. १ वर्षाखालच्या बाळाला पोटावर कधीच नाही, यकृत फाटू शकतं : हातावर पालथं, डोकं खाली करून ५ थापट्या, मग उताणं करून छातीवर ५ दाब.

दिसत नसताना तोंडात बोट फिरवून शोधू नका, घास आत ढकलला जातो. शुद्ध गेली तर जमिनीवर निजवून छाती दाबायला घ्या आणि श्वास देण्याआधी तोंडात डोकावा. पोटावर हिसके दिलेल्या माणसाला बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

ध्रुवतारा

दोन आजारांत गल्लत होते म्हणून लिहिते : हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात.

छातीत आवळल्यासारखं, जबडा किंवा हातात कळ, घाम, धाप. माणसाला जमिनीवर टेकून बसवा, गुडघे दुमडलेले. चालवत नेऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. गिळली तर विरघळायला वेळ लागतो.

चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, एक हात उचलला की खाली येतो, बोलणं अडखळतं : हा पक्षाघात. यात ॲस्पिरिन द्यायची नाही. रक्तवाहिनी फुटली आहे की तुंबली आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि फुटली असेल तर ॲस्पिरिन घात करेल. पाणीसुद्धा नको, गिळण्याचे स्नायू लुळे असू शकतात. तो माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत देतात आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात. ‘सकाळी उठला तेव्हापासून असं आहे’ असेल तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची.

कवडसा

मधुमेही माणसाला घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर साखर किती द्यायची?

अबोली

कवडसा, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ते २० ग्रॅम : ४-५ सपाट चहाचे चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर. १५ मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू शोषली जाते. शुगर-फ्री पेय तर निरुपयोगी. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज (मधुमेहाच्या गोळ्या) चालू असेल तर साधी साखर आतड्यात लवकर फुटत नाही, ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

औदुंबर

मुरगळणं आणि मोडणं यातला फरक घोट्यापुरता तरी सांगता येतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये बोटाने दाबून नेमकं हाड दुखतंय, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. सुजेवरून काही ठरत नाही.

हाड मोडल्यासारखं वाटलं तर सरळ करू नका. फळी अशी हवी की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधले जातील. एकच सांधा बांधला तर हाडाचं टोक हलतच राहतं. गाठ मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नका. बांधण्याआधी आणि नंतर बोटाचं नख दाबून सोडा : २ सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी सैल करा.

बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, मग काढायचा.

पाणकोळी

तुटलेलं बोट बर्फात थेट टाकू नका, गोठून पेशी मरतात. खारट पाण्यात (सलाइन) ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा.

पडलेला पक्का दात शेंड्याकडून धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर काही सेकंद खंगाळून लगेच खाचेत बसवा आणि कापड चावून धरा. जमत नसेल तर दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्य. पाण्यात ठेवला तर मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात परत बसवायचा नाही.

मृद्गंध

साप आणि ॲलर्जी राहिलं.

ध्रुवतारा

साप : कापू नका, चोखू नका, आवळपट्टी नको, बर्फ नको. अंगठ्या काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा आणि माणसाला उचलून न्या. चालताना स्नायू विष पुढे ढकलतात. सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहा, डॉक्टरांना विष किती वेगाने चढतंय ते त्यावरून दिसतं. साप मारण्यात वेळ घालवू नका.

ॲलर्जी : अंगावर गांधी उठणं वेगळं. घसा बसला, घरघर सुरू झाली, भोवळ आली, तर ॲड्रिनॅलीनच. अँटिहिस्टामिन गोळी घसा उघडत नाही. ॲड्रिनॅलीनचं पेन (पेनसारखं तयार इंजेक्शन) असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, कपड्यावरूनही चालतं. मोठ्यांना ०.३ मिलिग्रॅम, लहान मुलांचं ०.१५ चं वेगळं येतं. ५ मिनिटांत सुधारणा नाही तर दुसरं. निजवून पाय वर ठेवा. धाप असेल तर पाय लांब करून बसवा. बरं वाटलं म्हणून उभं करू नका, अचानक उभं राहिल्याने रक्त पायांत उतरतं आणि हृदय रिकामं पडून थांबू शकतं.

कवडसा

शेवटचं : पेटीत काय ठेवावं? आणि जखमेवर स्पिरिट?

शमी

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत नको, जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात. रक्त थांबलं की पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली ५ ते १० मिनिटं. खडे, माती निघून जाणं महत्त्वाचं. कुत्रा किंवा कुठलाही सस्तन प्राणी चावला असेल तर साबण लावून १५ मिनिटं, आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी.

पेटीत : १० बाय १० सेंटीमीटरचे निर्जंतुक गॉझ २०, रोलर पट्टी ७.५ आणि १० सेंटीमीटर प्रत्येकी ४, क्रेप बँडेज २, त्रिकोणी पट्टी २, चिकटपट्टी, नायट्राइल हातमोज्यांच्या ४ जोड्या, सलाइनची बाटली, चिमटा, ॲस्पिरिन ३००, ग्लुकोज, ओआरएस, मार्कर पेन, टॉर्च. कात्री बोथट टोकाची, आणि घेतल्यावर जीन्सची दुमडलेली शिवण कापून बघा. कापली नाही तर परत करा. पेटीला कुलूप नको. दर ६ महिन्यांनी तारखा तपासताना टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, आतच राहिले तर पाझरून टॉर्च खराब करतात.

पाणकोळी यांच्या सूचनेनुसार मूळ पोस्टच्या रक्तस्रावाच्या भागात ‘जांघ, काख, खांदा : गॉझ भरणे’ आणि ‘छाती-पोटात भरू नये’ या दोन ओळी घालते आहे.